शोधनिबंधांतून तक्ता

प्रश्न : पीएच.डी.साठी मी सेमीकंडक्टर पदार्थांवरचे सुमारे दोन हजार इंग्रजी शोधनिबंध जमवले आहेत. न्यूरल नेटवर्क वापरून त्यांतून पदार्थ, गुणधर्म आणि आकडा असा तक्ता काढता येईल का? कोणतं मॉडेल घेऊ?

उत्तर : नक्की काढता येईल. पण मॉडेलच्या आधी दोनशे वाक्यं निवडा आणि त्यांवर स्वतः खुणा करा : पदार्थ, गुणधर्म, आकडा, एकक. तीच वाक्यं एखाद्या सहकाऱ्यालाही द्या, तुमच्या खुणा न दाखवता. मी आणि माझी सहकारी पहिल्यांदा असं बसलो, तेव्हा ‘झिंक ऑक्साइड नॅनोवायर’वरच अडलो. मी तिन्ही शब्द पदार्थात धरले होते, तिनं फक्त झिंक ऑक्साइड. आमचंच जुळेना, तर मॉडेलला काय शिकवणार? मग नियम लिहून काढले आणि सगळी वाक्यं पुन्हा केली. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

आता हे वाक्य पाहा : ‘अ‍ॅनाटेज आणि रुटाइल टायटॅनियम डायऑक्साइडचा बँड गॅप अनुक्रमे ३.२ आणि ३.० इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे.’ इथे पहिले दोन शब्द टायटॅनियम डायऑक्साइडच्या दोन स्फटिकरूपांची नावं आहेत आणि बँड गॅप हा गुणधर्म. पदार्थ आणि आकडे मॉडेल सहज हेरतं. कोणता आकडा कोणाचा, हे मात्र त्या एका ‘अनुक्रमे’वर ठरतं. जोड्या उलट लागल्या तरी तक्ता अगदी व्यवस्थित दिसतो, म्हणून मला या चुकीची सगळ्यात जास्त धास्ती वाटते. अशी वाक्यं दोनशेत मुद्दाम घ्या. ‘आढळला नाही’ असं सांगणारीही घ्या.

मॉडेलचं म्हणाल तर २०१९चं सायबर्ट बहुतांशी जीववैद्यकीय निबंधांवर शिकलेलं आहे; तुमच्यासाठी पदार्थविज्ञानाच्या निबंधांवर शिकलेलं २०२२चं मॅटसायबर्ट जवळचं. चॅटजीपीटीमागे असतं तशा मोठ्या भाषा-मॉडेलला थेट विचारलंत, तर निबंधात नसलेला आकडाही ते रकान्यात भरू शकतं. म्हणून प्रत्येक नोंदीशेजारी मूळ वाक्य साठवा आणि आकडा त्या वाक्यात खरोखर आहे का, हे छोट्या प्रोग्रॅमनं तपासा. दोनशेपैकी पन्नास वाक्यं मॉडेलला शिकवताना अजिबात दाखवू नका. परीक्षा त्यांवरच घ्या.

आणि हो, पीडीएफमधले तक्ते मजकूर काढताना विस्कटतात. प्रकाशकाकडून एक्सएमएल (मजकूर आणि तक्त्यांचे भाग खुणांनी वेगळे दाखवणारी फाइल) मिळत असेल, तर तेच घ्या.