विंदालूचा वास आला होता का, ते विचार

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मँचेस्टरला थंडी, घरभाडं आणि प्रबंध एवढ्यातच अडकली असशील असं वाटलं होतं. तू तर दर गुरुवारी पबमध्ये सत्तरीच्या म्हाताऱ्यांबरोबर 'येस' हा जुना इंग्लिश रॉक बँड ऐकत बसतेस! त्यातल्या एका आजोबांनी १९७३चा, तिथल्या फ्री ट्रेड हॉल या सभागृहातला 'येस'चा तो कार्यक्रम 'या डोळ्यांनी' पाहिला म्हणे, आणि आता तुला सगळ्यांच्या आठवणी लिहून काढायच्यात. काढ की. पण वही उघडण्याआधी थोडं ऐक.

आधी तारखा नीट लाव. 'येस'चा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' हा अल्बम १९७३च्या डिसेंबरात बाजारात आला. दोन एलपी, चार बाजू, बाजूला एकच रचना, सगळं मिळून ८१ मिनिटं. मूळ कुठलं, तर परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली एक तळटीप: श्रुती, स्मृती, पुराणं, तंत्रं. आपल्याकडे तळटीपा परीक्षेपुरत्याही कुणी वाचत नाही. बँडचा गायक जॉन अँडरसनने तिच्यावर चार बाजू उभ्या केल्या. दौरा मात्र नोव्हेंबरातच सुरू झालेला, म्हणजे समोरच्या बहुतेकांनी रेकॉर्ड ऐकलेलीच नव्हती. कीबोर्डवर रिक वेकमन. त्याला हे सगळं प्रकरण लांबलेलं वाटायचं. मँचेस्टरला कार्यक्रम चालू असतानाच त्याच्या हाताखालच्या माणसाने करी आणून दिली आणि पठ्ठ्याने ती तिथेच खाल्ली. स्टेजवर पुराणं, ऑर्गनवर विंदालू! (आपल्या गोव्याचा विंदालू तिथवर कसा पोचला, ते आणखी एक पुराण.) पुढच्या वर्षी तो बँड सोडून गेला.

आता गोम अशी, की हा किस्सा वेकमनने स्वतःच इतक्यांदा रंगवून सांगितलाय की न पाहिलेल्यांनाही तो पाहिल्यासारखा आठवतो. त्याच इमारतीतल्या छोट्या सभागृहात ४ जून १९७६ला सेक्स पिस्टल्स हा पंक बँड वाजवून गेला. समोर मोजकीच माणसं होती; पुढे 'मी होतो तिथे' म्हणणारे हजारोंनी निघाले. तुझे आजोबा थापा मारतात असं मी म्हणत नाही. फक्त सुरुवात करीपासून करू नकोस. कुठे बसला होतात, बरोबर कोण होतं, शेवटची बस मिळाली का, हे विचार. मग हळूच, वास आला होता का, ते विचार. स्वतःच्या आठवणीत वेकमनच्या गोष्टीत नसलेलं काहीतरी फालतू निघतंच. ओला कोट, शेजारी घोरणारा मेहुणा, असलं काही. ते आधी टिपून घे.

दुसरे गृहस्थ सांगतात, त्यांनी १९७२च्या हिवाळ्यात 'येस'चा ड्रमर बिल ब्रुफर्डला 'क्लोज टू द एज' हा आधीचा अल्बम वाजवताना पाहिलं. ते काही जमत नाही. रेकॉर्डिंग आटोपल्यावर ब्रुफर्ड किंग क्रिमझन या दुसऱ्या बँडकडे गेला. दौऱ्यात ड्रम्सवर अ‍ॅलन व्हाइट होता. पण भर पबात त्यांना पकडू नकोस. पन्नास वर्षं तीच रेकॉर्ड ऐकली की रेकॉर्डवरचा ड्रमर आपोआप स्टेजवर जाऊन बसतो. वहीत दोन्ही लिही: ते काय म्हणाले ते आणि खरं काय होतं ते.

माझंच घे. माझ्याकडे 'टेल्स' नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर होता, आत्येभावाने एलपीवरून भरून दिलेला. एका बाजूला श्रुती-स्मृती, दुसरीला पुराणं-तंत्रं. एलपीवाल्यांना तीनदा उठावं लागे, मला एकदाच. म्हणून मला हा अल्बम आजही दोनच भागांचा वाटतो. श्रुती संपून स्मृती लागायची, त्याच्या मध्ये सुई टेकल्याचा एक 'टक्' होता. सीडीवर तो येत नाही आणि दरवेळी मला काहीतरी गाळल्यासारखं वाटतं.

मतांचं म्हणशील, तर तेविसाव्या वर्षी मी एका मासिकात या अल्बमला 'फुगवलेलं संगीत' म्हणून मोकळा झालो होतो. मत एका इंग्रजी साप्ताहिकातून उचललेलं, आणि कॅसेटची दुसरी बाजू तोवर लावलीच नव्हती! लावल्यावर पुराणांच्या शेवटी स्टीव्ह हाउची ती साधी, बिनविजेची गिटार आली आणि मी गप्प बसलो. छापलेलं काही मागे घेता आलं नाही. तुझ्या पत्रात 'ओढूनताणून लांबवलेलं' असे शब्द आहेत. तुझे आहेत का ते? १९८३च्या '९०१२५' या अल्बमवरून 'हे येसच नव्हे' अशी तुमच्या टेबलावर जुंपते म्हणतेस, तेव्हाही एवढंच विचार, की अख्खा अल्बम शेवटचा कधी ऐकलात.

फ्री ट्रेड हॉलचं आता हॉटेल झालंय, दर्शनी भिंत मात्र तशीच आहे. आजोबांना चालवत असेल तर एखाद्या गुरुवारी त्यांना तिकडे घेऊन जा. समोर उभी राहा, आणि त्या रात्री कुठल्या दाराने आत गेलात, ते दाखवायला सांग. तू काही सुचवू नकोस. मला कळव, ते कुठे वळले.

तुझा,
काका