सिकलसेलच्या दुखण्यासाठी सारखं इमर्जन्सीत जावं लागतं, पण तिथे कोणी विश्वासच ठेवत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय ना की इमर्जन्सीत तुम्हाला "एवढं दुखतंय तर मोबाईल कसा बघताय" असं ऐकवलं, ते वाचून पोटात तुटलं, कारण हेच वाक्य मीही ऐकलंय. मला जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, वर्षातून तीनचारदा तरी क्रायसिस, म्हणजे असह्य दुखण्याचा झटका, येतो आणि घरच्या गोळ्यांनी भागलं नाही की इमर्जन्सी गाठावी लागते.

दुखतंय की नाही हे दाखवणारी टेस्टच नाहीये. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे ऑक्सिजन पोचत नाही आणि तिथून ती हाडं पिळणारी कळ उठते, पण बीपी, पल्स, एक्सरे सगळं नॉर्मल असू शकतं. आणि वर्षानुवर्षं सोसलेलं माणूस ओरडत नाही हो, गप्प पडून राहतं, मोबाईलमध्ये डोकं घालून मन दुसरीकडे नेतं.

एका रात्री मी दोन्ही मांड्या आवळून जवळजवळ तीन तास खुर्चीत बसले होते. मला लागू पडणारं इंजेक्शन आणि डोस मीच सांगितला, तर डॉक्टरांनी नर्सकडे बघितलं, ती नजर अजून आठवते, की हिला इंजेक्शनची सवय लागलीये. पुढच्या वेळी घाबरून काहीच बोलले नाही, मग कमी डोस मिळाला आणि सकाळपर्यंत तळमळले.

फरक पडला तो एका कागदाने. माझ्या हेमॅटॉलॉजिस्टनी, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांनी, लेटरहेडवर लिहून दिलं, निदान काय, कुठलं औषध किती द्यायचं, किती वेळाने परत बघायचं, माझं नेहमीचं हिमोग्लोबिन किती, ॲलर्जी आणि खाली सही, शिक्का. मी तोंडाने सांगितलं की संशय यायचा, तेच कागदावर असलं की काम सुरू होतं. यात काही जास्त मागतोय असंही नाही, अमेरिकन सोसायटी ऑफ हेमॅटॉलॉजीच्या २०२० च्या गाइडलाइनमध्येच आहे की पेशंट आल्यापासून एका तासात दुखण्याचं औषध द्या आणि दर ३० ते ६० मिनिटांनी परत विचारा. ब्रिटनमध्ये उपचारांच्या गाइडलाइन काढणाऱ्या नाइस या संस्थेने तर २०१२ लाच अर्धा तास सांगितलाय.

दुखऱ्या जागी बर्फ कोणाला लावू देऊ नका, थंडीने पेशी जास्त अडकतात. मला एकदा शीर सापडत नव्हती तेव्हा एका नर्सने गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून हातावर ठेवली, थांबली, "ताई, आता एकदाच टोचते" म्हणाली आणि खरंच एकदाच टोचलं. त्या रात्री औषध मिळायच्या आधीच मला रडू आलं.

ताप, छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूची ताकद जाणं, यातलं काही असेल तर घरी अजिबात थांबू नका आणि गेल्या गेल्या "हे नेहमीसारखं नाहीये" असं स्पष्ट सांगा, कारण छातीचा त्रास आणि स्ट्रोक या आजारात जीवावर बेततात. हायड्रॉक्सीयुरिया नावाचं औषध चालू नसेल तर तेही विचारा, माझे क्रायसिस त्याने कमी झाले.

आणि तो कागद पुढच्या ओपीडीलाच मागून घ्या, दुखायला लागल्यावर ते सुचत नाही. माझा प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये पर्समध्ये असतो, एक फोटो माझ्या मोबाईलात, एक नवऱ्याच्या.