जुन्या गाडीचे वजन

प्रश्न : माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारचे पोलादी बॉनेट व दरवाजे बदलून ॲल्युमिनियमचे बसवल्यास वजन कितपत घटेल?

उत्तर : पोलादाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ७.८५ ग्रॅम आणि ॲल्युमिनियमची २.७ ग्रॅम असली, तरी तितकाच ताठपणा राखण्यासाठी पत्रा जाड घ्यावा लागत असल्याने, प्रत्यक्षात त्या भागांचे वजन निम्म्याच्या आसपास येते. जग्वारने १९६३मध्ये ई-टाइपच्या हलक्या शर्यती आवृत्तीसाठी ॲल्युमिनियमचाच मार्ग धरला होता. मात्र पोलाद आणि ॲल्युमिनियम थेट टेकून सांध्यात ओल शिरली की ॲल्युमिनियम गंजू लागते, त्यामुळे दोहोंमध्ये विद्युतरोधक थर हवाच. हौशी कामात नेमके हेच विसरले जाते. दरवाजांतील मजबुतीच्या पट्ट्या वजनासाठी कापू नयेत. मूळ भाग मात्र जपून ठेवावेत.