शेतातून वाट आहे, खुशाल जा

प्रश्न : ताई नमस्कार. मुलगी-जावई मँचेस्टरला असतात, जूनमध्ये आम्ही दोघं जातोय, तर त्यांनी पीक डिस्ट्रिक्ट या तिथल्या डोंगराळ भागात ईम नावाच्या गावाजवळ आठवडाभरासाठी कॉटेज घेतलंय. रोज चालायला जायचं म्हणे. पण जावयाने पाठवलेल्या नकाशात वाट चक्क लोकांच्या शेतांमधून जाते, एके ठिकाणी तर कुणाच्या तरी अंगणातूनच. परक्या देशात असं घुसलं तर कुणी हाकलणार नाही ना? ह्यांचा गुडघाही दुखतो. आणि त्या गावात बघण्यासारखं काय आहे?
– एक वाचक

उत्तर : खुशाल घुसा. आपण फुटपाथ म्हणतो तो रस्त्याच्या कडेचा, तिकडे 'पब्लिक फुटपाथ' म्हणजे शेतातली, रानातली पायवाट, जमीन शेतकऱ्याची असली तरी त्या वाटेवरून चालायचा हक्क कायद्याने सगळ्यांचा. खांबावर पिवळा बाण दिसला की पायी चालणाऱ्यांची वाट, निळा असला तर त्यावरून घोडे आणि सायकलीही येणार. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अशाच एका अंगणाच्या फाटकाशी येऊन मागे फिरले होते, तर घरातली बाई बाहेर येऊन म्हणाली अहो वाट इथूनच आहे, जा की, मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. नियम साधे आहेत, फाटक उघडं असेल तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर आपल्यामागे बंद करायचं. आणि गाईंबरोबर वासरं असली तर मात्र लांबून वळसा घ्या, मधून जायचं नाही, आपल्या गरीब गाईंवरून अंदाज करू नका.

हे सगळं आपोआप मिळालं असं समजू नका हं. तुमच्या कॉटेजपासून फार लांब नाही तो किंडर स्काउटचा डोंगर, तिथल्या माळरानावर जमीनदार लोक ग्राउस पक्ष्यांची शिकार करायचे आणि सामान्य माणसाला पाय ठेवायची बंदी. 24 एप्रिल 1932 ला शेकडो लोक, बरेचसे मँचेस्टरकडचे कामगार, मुद्दाम बंदी मोडून वर चढले, राखणदारांशी झटापट झाली, पाचजणांना तुरुंगात टाकलं. त्यांचा पुढारी बेनी रोथमन तेव्हा जेमतेम विशीचा. पुढे 1949 मधे कायदा आला आणि 1951 ला ब्रिटनचं पहिलं नॅशनल पार्क झालं ते हेच पीक डिस्ट्रिक्ट. गुडघ्यामुळे वर चढू नका, ईडेलच्या खोऱ्यातून खालूनच छान दिसतो.

गुडघ्याचं म्हणाल तर अंतरापेक्षा उतार आणि 'स्टाइल' जास्त त्रास देतात. स्टाइल म्हणजे दगडी कुंपण ओलांडायला केलेल्या पायऱ्या, कधी नुसती भिंतीतली अरुंद फट. जावयाला ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे तिकडच्या सरकारी नकाशा खात्याचा, 1:25,000 प्रमाणाचा नकाशा घ्यायला सांगा, त्यात शेतांची कुंपणंसुद्धा असतात, म्हणजे कुंपण कितीदा ओलांडायचंय ते घरबसल्या मोजता येतं. वेळेसाठी नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 चा जुना हिशोब आहे, तासाला 5 किमी आणि दर 600 मीटर चढाला एक तास जास्त. तो धडधाकट माणसाचा, तुम्ही सरळ दुप्पट धरा.

आता ईम. स्पेलिंग बघून लोक एयाम म्हणतात, ते ईमच. 1665 मधे लंडनहून एका शिंप्याकडे कापडाचं गाठोडं आलं, त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग आला असं सांगतात. पाद्री विल्यम मॉम्पेसनच्या सांगण्यावरून गावाने ठरवलं की रोग शेजारच्या गावांत जाऊ द्यायचा नाही, आपण वेशीबाहेर पडायचं नाही. सुमारे 14 महिन्यांत अडीचशेच्या वर माणसं गेली, पाद्र्याची बायकोसुद्धा. हे सगळं चर्चमधे आणि घरांवरच्या पाट्यांवर वाचायला मिळतं, पण माझं ऐका, पाट्या नंतर वाचा, आधी स्टोनी मिडलटनकडे जाणारी पायवाट धरा. शेतात एक ओबडधोबड दगड लागेल, वर भोकं पाडलेली. त्यात व्हिनेगर ओतून गावकरी नाणी ठेवायचे, म्हणजे पैशाला रोग लागणार नाही, आणि बाहेरचे लोक पैसे उचलून धान्य ठेवून जायचे. भोकांच्या कडा आता बोटं फिरवून फिरवून गुळगुळीत झाल्यात, तुम्हीही फिरवाल, राहवतच नाही.

दुसऱ्या दिवशी जमलं तर गावाबाहेरच्या रायली ग्रेव्हजला जा. कुरणाच्या मधोमध दगडी गडग्याच्या आत थोड्याशा कबरी आहेत. एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईने 1666 च्या ऑगस्टमधे आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं एकटीने इथे पुरली. तिथपर्यंत चढ आहे, ह्यांना काठी द्या, आणि पाण्याची बाटली जावयाकडे.