वर्णद्वेष की वंशवाद?

प्रश्न बडोद्याहून आला आहे. कातडीच्या रंगावरून, वंशावरून होणाऱ्या भेदभावाची (इंग्रजीत ‘रेसिझम’) शाळकरी मुलांना तोंडओळख करून देणारा मजकूर मराठीत लिहायचा आहे, तर ‘वर्णद्वेष’ लिहावं की ‘वंशवाद’? आणि ‘वंशवादविरोधी’ म्हणजे जो वंशवादी नाही तोच का?

मी ‘वंशवाद’ लिहीन. ‘वर्णद्वेष’ वर्तमानपत्रांनी रुळवला आहे, पण त्यातल्या ‘द्वेष’मुळे सगळं लक्ष मनातल्या रागाकडे जातं. दक्षिण आफ्रिकेत १९४८ नंतर कुणी कुठे राहायचं, कुणाशी लग्न करायचं हे कायदाच कातडीच्या रंगावरून ठरवू लागला. तिथल्या कचेरीत शिक्का मारणाऱ्याच्या मनात द्वेष नसला तरी अन्याय व्हायचा तो होतच होता. मुलांना नेमकं हेच कळायला हवं. शिवाय ‘वर्ण’ म्हटलं की आपल्याकडे चातुर्वर्ण्य आठवतं, ते वेगळंच.

बडोद्यात मात्र एक अडचण येईल. हिंदी-गुजराती बातम्यांत ‘वंशवाद’ हा शब्द राजकारणातल्या घराणेशाहीसाठी येतो आणि तुमची मुलं त्या बातम्या रोज ऐकतात. तेव्हा अर्थ पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका. तिथेच हेही सांगा की ‘वंशावळ’मधला वंश खरा असतो, पण माणसांचे गोरे-काळे ‘वंश’ ही समाजाने केलेली विभागणी आहे. वंश ही जैविक वस्तुस्थिती कमी आणि सामाजिक मिथक जास्त, असं युनेस्कोच्या निवेदनात १९५० मध्येच म्हटलं आहे.

जातिभेदाला वंशवाद म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. १९१७ मध्ये तुमच्याच शहरात जातीमुळे डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळेना. त्याच आंबेडकरांनी १९३६ मध्ये जात म्हणजे वंश नव्हे, पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार वंशाने एकच, असं ठामपणे मांडलं. दोन्ही अन्यायांचं नातं दाखवायचं असेल तर जोतीराव फुल्यांचं उदाहरण घ्या. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना.

आता ‘विरोधी’. स्वतः अस्पृश्यता न पाळणं आणि अस्पृश्यता निवारणाचं काम करणं यांतला फरक मराठी माणसाला समजावावा लागत नाही. इथेही तोच आहे. आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुलाला घरमालक खोली नाकारतो, तेव्हा मनात काही वाईट न आणता गप्प बसणारा शेजारी वंशवादी नसेलही. त्या मुलाच्या बाजूने बोलणारा तो वंशवादविरोधी. ‘वंशवादमुक्त’ हा शब्द मला म्हणूनच पुरेसा वाटत नाही, त्यात कृती नाही.

जाता जाता, ‘हबशी’. मूळ हबसाण, म्हणजे ॲबिसिनियाचा (आजच्या इथिओपियाचा), तो हबशी. जंजिऱ्याच्या इतिहासात हा शब्द ठीक आहे. वर्गातल्या नायजेरियन मुलाला तो लावला की अपमान होतो. त्याला नायजेरियन म्हणा, किंवा सरळ नावाने हाक मारा.