नीट हुकली, आता ‘मेडिकल’ टाकायचं?

दोनदा नीट देऊनही एमबीबीएस न मिळालेली मुलं निकालानंतर माझ्याकडे सल्ला विचारायला येतात. पालकांचा प्रश्न ठरलेला असतो, “आता सरकारी आरोग्य खात्याचं दार बंदच ना?” मूल बहुतेक वेळा गप्प असतं.

त्यातलीच एक मुलगी नाशिकजवळच्या दिंडोरी तालुक्यातली. वडिलांची द्राक्षबाग, दारात चार गायी. बसता बसता ते म्हणाले, “मॅडम, येताना म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ लागलं, तर हिनं तोंड फिरवलं.”

गावाला दवाखान्यात डॉक्टरच दिसतो, हे खरं. पण सपाट भागात ३० हजार आणि आदिवासी-डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र धरलेलं असतं. ते काय एकटा डॉक्टर चालवतो? औषध निर्माण अधिकारी म्हणजे फार्मासिस्ट, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आरोग्य सेविका, आरोग्य सेवक आणि खाली उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी. ही यादी मी तिला वाचून दाखवली नाही. याद्या ऐकून मुलं फक्त मान डोलावतात. एवढंच म्हटलं, “तुमच्या केंद्रात डॉक्टरांना विचारून लसीकरणाच्या दिवशी सकाळपासून बसून ये. मग बोलू.”

आठ दिवसांनी आली ती बोलतच. बर्फाचे पॅक फ्रीजरमधून काढून लगेच लसीच्या डब्यात भरत नाहीत म्हणे. थोडा वेळ बाहेर ठेवतात, कानाशी धरून हलवतात, आत पाणी डुचमळलं की मग भरतात, कारण काही लसी गोठल्या की वाया जातात. बाटलीवर गोलात एक फिकट चौकोन असतो. उष्णता लागत गेली की तो गडद होतो, गोलाच्या रंगाचा झाला की बाटली बाद. फ्रीज २ ते ८ अंशांत हवा, आणि त्याची नोंद दिवसातून दोनदा, सुटीच्या दिवशीसुद्धा. त्या केंद्रात हे सगळं औषध निर्माण अधिकारी बघत होते. डॉक्टरांबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

मी फार्मसीचं नाव काढलं तसे वडील उसळले, “म्हणजे मेडिकलला घालायची होती, तिनं आता मेडिकल टाकायचं?”

दुकान टाकण्यातही काही वाईट नाही, पण तेवढंच नाही. बारावीनंतर डी.फार्म. दोन वर्षांचं, बी.फार्म. चार वर्षांचं. जिल्हा परिषदेच्या औषध निर्माण अधिकारी पदाची वाट इथूनच जाते. पदवी असेल तर एमपीएससीतून औषध निरीक्षक व्हायची संधी असते. बी.फार्म.च्या प्रवेशाची सीईटी तिनं दिलेलीच होती, ‘असू दे’ म्हणून.

“पण सगळं कंत्राटी झालंय म्हणे. आणि २०२१ला आरोग्य भरतीचा पेपरच फुटला होता.”

दोन्हींत तथ्य होतं, मी वाद घातला नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली बहुतेक पदं ठरावीक मुदतीच्या कंत्राटाची असतात. कायम पदांची जाहिरात दरवर्षी निघेलच असं नाही. पूर्वी एका मुलीला मी “सरकारीच बघ” म्हणाले होते. तिची तीन वर्षं अभ्यासिकेत गेली, आणि तो सल्ला माझा होता. म्हणून हिला सांगितलं, फार्मसी कौन्सिलची नोंदणी झाली की नोकरी खासगीत, कंत्राटी, कुठेही धर. भरती निघेल तेव्हा फॉर्म भर, पण तिच्यासाठी घरी बसू नकोस.

ती आता बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा वडिलांचा फोन आला.

“मॅडम, गायींना लाळ्या-खुरकूतची लस टोचायला आले होते. पोरीनं आधी त्यांचा डबा उघडून बघितला, बर्फ आहे का म्हणून. जनावरांच्या लसीला पण लागतो का हो?”

“लागतो की.”

“हां, मग ठीक. मी म्हटलं उगाच भांडत होती का काय.”