खातेपानाचा आकडा

‘ऑफिसात डेटाबेस शिकायला सांगितलाय. या वयात डोक्यात शिरत नाही. नोकरी राहील ना?’ ही काळजी घेऊन माझ्याकडे येणारी माणसं बहुधा आपल्या कामात पक्की असतात. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानाचे हिशेब सांभाळणाऱ्या ताई त्यांतल्याच. एक्सेलची लांबलचक शीट त्यांनी जशीच्या तशी डेटाबेसच्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे अ‍ॅक्सेसमध्ये ओतली होती. आप्पासो, अप्पासो, आप्पासाहेब अशी एकाच शेतकऱ्याची तीन खाती झाली आणि बाकी जुळेना. ‘हे नव्या पोरांचं काम,’ म्हणून त्या रडवेल्या झाल्या. खरं तर माहिती वेगवेगळ्या टेबलांत ठेवून ती एकमेकांना जोडायची, ही डेटाबेसची रचना संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० सालीच मांडलेली.

पहिल्या भेटीत संगणक बंदच ठेवला. रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत, ‘खा. पा.’च्या रकान्यात काय लिहायचा, एवढंच विचारलं. ‘खतावणीतलं पान!’ उत्तर तत्काळ आलं. म्हणजे खात्यांच्या वहीत त्या माणसाचं खातं ज्या पानावर आहे, तो आकडा. टेबलं एकमेकांना जोडतात ती अशाच आकड्याने. शेतकऱ्याच्या टेबलात तो प्रायमरी की, म्हणजे प्रत्येकाची स्वतंत्र ओळख; पट्टीच्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीच्या, टेबलात तोच आकडा फॉरेन की, म्हणजे त्या ओळखीचा हवाला. फरक एकच: पान भरलं की खातं पुढच्या पानावर जातं, ‘की’ मात्र कधी बदलायची नाही. म्हणूनच नाव किंवा मोबाईल नंबर ‘की’ म्हणून घेऊ नये.

मग आठवडाभर रोज २० मिनिटं, फक्त कागद-पेन्सिल. शेतकरी, खरेदीदार, पट्टी, लॉट अशी चार टेबलं. एका पट्टीत अनेक लॉट, म्हणून पट्टी क्रमांक लॉटच्या ओळीत येतो. भाव ताईंनी हळदीच्या प्रकारासमोर लिहिला होता. तसं केलं तर आजचा भाव भरताच जुन्या पट्ट्यांची रक्कमही बदलते. सौद्यात भाव लॉटगणिक ठरतो, तेव्हा त्याची जागा लॉटमध्येच.

संगणकावर आल्या तेव्हा मूळ फाईलला हात नाही, सगळा सराव नकलेवर. मोडायची भीती तिथेच निम्मी झाली. ‘एन्फोर्स रेफरेन्शियल इंटिग्रिटी’वर, म्हणजे जोडलेला क्रमांक मूळ टेबलात असलाच पाहिजे या नियमावर, खूण करताच अ‍ॅक्सेसने नकार दिला आणि ताईंचा चेहरा उतरला. पण तो नकार म्हणजे ‘या क्रमांकाचं खातंच उघडलेलं नाही’ एवढीच तक्रार. शेतकरी आधी, पट्टी नंतर.

तिसऱ्या भेटीत ४० शेतकरी आणि ३०० लॉट घेऊन त्यांनी क्वेरी, म्हणजे टेबलांतून हवी ती माहिती काढायची मागणी, चालवली. ओळी आल्या १२,०००. या वेळी त्या घाबरल्या नाहीत. चाळीस गुणिले तीनशे, प्रत्येक शेतकऱ्यापुढे प्रत्येक लॉट, त्या पुटपुटल्या, आणि म्हणाल्या, ‘मधलं पट्टीचं टेबल घ्यायचंच राहिलं. जोडलंच नाही मी.’